कोऱ्या पानांवरचं घराणं

"याचे किती येतील?"

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादं जाडजूड, चामडी बांधणीचं, सचित्र इंग्रजी बायबल खाली आलं की घरातलं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. दीडशे वर्षांचा ग्रंथ, कडा सोनेरी, कडेला पितळी चाप, आत पानभर चित्रं. म्हणजे लाखभर तरी यायला हरकत नाही, असा सरळ हिशेब असतो. उत्तर ऐकलं की चेहरे उतरतात. एकोणिसाव्या शतकात अशी बायबलं इंग्लंड-अमेरिकेत भरमसाट छापली गेली. धर्मग्रंथ रद्दीत टाकायला कुणाचा हात धजत नाही, म्हणून ती उरलीही भरमसाट. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना फारसं कुणी विचारत नाही. बाजाराचा न्याय साधा आहे: जे सगळ्यांकडे आहे त्याला भाव नाही.

पण त्याच ग्रंथाच्या पोटात तीन-चार पानं अशी असतात, की त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. बोलायचं ते त्या पानांबद्दल.

बाळकुम हे मुळात ठाण्याच्या वेशीबाहेरचं आगरी-कोळ्यांचं गाव. आज जुन्या आग्रा रोडने कशेळीच्या पुलाकडे निघालं की गावठाणाच्या कौलांमागे टॉवर उभे दिसतात आणि त्या टॉवरांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली घरं. आमच्या शेजारचं एक कुटुंब मूळचं नगरकडचं, मिशनच्या शाळेत शिक्षक असलेल्या पूर्वजांचं. त्यांच्याकडचा ग्रंथ एका हाताने उचलत नाही. पुठ्ठ्यावरचं चामडं इतकं सुकलेलं, की बोट फिरवलं तरी तांबूस भुकटी हाताला लागते. जुना करार संपतो आणि नवा करार सुरू होतो त्या सांध्यात वेलबुट्टीची चौकट छापलेली पानं आहेत. वर इंग्रजीत जन्म, विवाह, मृत्यू अशी शीर्षकं आणि खाली नुसत्या रेघा. पहिल्या काही नोंदी इंग्रजीत आहेत, शाळामास्तराच्या वळणदार अक्षरातल्या. मग हात बदलतो, शाई बदलते आणि नोंदी मराठी होतात. एका ओळीत जन्मलेलं मूल दोन पानं पुढे, मृत्यूच्या रकान्यात, अकरा दिवसांनी पुन्हा भेटतं. मुलींची नावं मुलग्यांच्या बरोबरीने, आलेल्या क्रमाने लिहिलेली. आपल्याकडच्या जुन्या कुळवृत्तांतांत मुलींच्या आणि अल्पायुषी बाळांच्या जागी किती वेळा नुसती पोकळी असते, हे ज्यांनी ते चाळले आहेत त्यांना सांगायला नको.

पण आधी ग्रंथाचं वय. घरात याबद्दल हमखास दोन गैरसमज असतात. पहिला १६११ या सालाचा. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेने झालेलं इंग्रजी भाषांतर त्या साली प्रसिद्ध झालं आणि नंतरच्या शेकडो आवृत्त्यांत राजाला केलेली अर्पणपत्रिका तशीच छापली जात राहिली. ती वाचून "आमचं बायबल चारशे वर्षांचं" असं ठरून जातं. दुसरा गंमतीचा. समासात बारीक आकड्यांत ४००४ छापलेलं दिसतं आणि घरातला शाळकरी मुलगा चक्रावतो. तो आकडा आर्माचा आर्चबिशप जेम्स अशर याने सतराव्या शतकात मांडलेल्या कालगणनेचा आहे. त्याच्या हिशेबाने जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली. १७०१ नंतर इंग्रजी बायबलांच्या समासात ही सालं छापण्याची प्रथा पडली. छपाईचं खरं साल शीर्षकपानावर, बहुधा तळाशी असतं, आणि नेमकं तेच पान फाटून गेलेलं असतं. नव्या कराराला अनेकदा वेगळं शीर्षकपान असतं. पहिलं गेलं असेल तर मधलं पाहावं.

हे ग्रंथ घराघरांत पोचले ते हप्त्यांनी. १८३० च्या दशकात लंडनच्या चार्ल्स नाइट या प्रकाशकाने 'पिक्टोरियल बायबल' भागाभागांत काढलं. त्याच्या टिपा लिहिणारा जॉन किटो लहानपणी शिडीवरून पडून ठार बहिरा झालेला, पुढे बगदादमध्ये काही वर्षं राहिलेला. तिथले उंट, तंबू, पाणवठे डोळ्यांनी पाहिल्यामुळे त्याच्या टिपांत पौर्वात्य जीवनाचा खरा तपशील आला. अमेरिकेत हार्पर बंधूंनी १८४३ ते १८४६ या काळात ५४ भागांत 'इल्युमिनेटेड बायबल' काढलं. एका भागाची किंमत २५ सेंट आणि एकूण चित्रं सुमारे १,६००. मग १८५९ पासून लंडनच्या कॅसेलने आठवड्याला एक पेनी घेऊन सचित्र कौटुंबिक बायबल विकायला काढलं. कामगाराच्या घरातही ते जाऊ शकलं ते या पेनीमुळे. सगळे भाग जमले की गिऱ्हाईक ते आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घेई. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींची बांधणी सहसा जुळत नाही. एक साध्या कापडात, दुसरी ठशांनी मढवलेल्या चामड्यात.

चित्रं मुबलक झाली ती एका तंत्रामुळे. बॉक्सवुड नावाच्या अतिशय टणक झाडाच्या आडव्या कापावर उलटं चित्र कोरायचं. त्या ठोकळ्याची उंची छापखान्याच्या खिळ्यांइतकीच ठेवली की मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता येतात. पोलादी पत्र्यावर कोरलेल्या चित्राला ही सोय नाही. ते वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या जाड कागदावर छापून नंतर शिवणीत घालावं लागतं. म्हणूनच पोलादी चित्रांच्या पानावर मुलायम पातळ कागदाचा पडदा असतो आणि बोटाने चाचपलं तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब जाणवतो. रंगीत चित्रं असतील तर ती बहुधा दगडावरून, एकेक रंग वेगळा छापून केलेली. भिंगाखाली रंगाचे कण आणि डाग सुटे दिसतात. हेच तंत्र राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये जर्मन यंत्रं आणून मुंबईत उभं केलं आणि लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या भिंतींवर आल्या. चित्रातला देव विकत आणून घरात लावता येतो, ही गोष्ट एकाच शतकात लंडनला आणि गिरगावला घडली.

या चित्रकारांत सर्वांत गाजला तो फ्रेंच ग्युस्ताव्ह डोरे. त्याचं दोन खंडांचं बायबल १८६६ चं, फ्रान्समधल्या तूर शहरी छापलेलं. त्यात दोनशेहून अधिक पानभर चित्रं. डोरे स्वतः कोरत नसे. तो लाकडावर शाईने आणि ब्रशने चित्र काढी आणि कोरणाऱ्यांचा एक ताफाच ते उतरवी. चित्राच्या तळाशी नीट पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात डोरेचं आणि उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव सापडतं. पिझान हे त्यातलं एक नेहमी दिसणारं. महापुराच्या चित्रात खडकाच्या टोकाला पिल्लं घेऊन बसलेली वाघीण आणि आपली मुलं वर ढकलणारी बुडती माणसं आहेत. ते चित्र लहानपणी पाहिलेला माणूस नोहाची गोष्ट विसरेल, ती वाघीण विसरणार नाही.

बायबलाची चित्रं भारतात मात्र डोरेच्या तीनशे वर्षं आधी येऊन पोचली होती. रोदोल्फो अक्वाविवा आणि अंतोनियो मोन्सेरात हे येशूसंघाचे पाद्री १५७९ मध्ये गोव्याहून निघाले आणि मार्च १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला त्यांनी अकबराला एक भेट दिली: अँटवर्पच्या प्लँटिनने नुकतंच छापलेलं बहुभाषी बायबल. हिब्रू, ग्रीक, लॅटिन असे मजकूर शेजारी-शेजारी आणि खंडांच्या आरंभी ताम्रपटावरची भव्य चित्रं. मोन्सेरात लिहितो, की बादशहाने पागोटं उतरवून एकेक खंड डोक्यावर ठेवला आणि चुंबन घेतलं. मजकूर दरबारात कुणी वाचला असेल-नसेल, चित्रं मात्र दरबारी चितारी न्याहाळत बसले. बसावनसारख्या थोर मुघल चित्रकाराच्या कामात त्या शीर्षकचित्रांतल्या आकृती उतरलेल्या अभ्यासकांनी दाखवून दिल्या आहेत.

आता मराठी. मराठीत बायबलाचा छापील इतिहास लांबचा आहे. १८०५ मध्ये सेरामपूरच्या मिशनने मत्तयाचं शुभवर्तमान छापलं, १८११ मध्ये नवा करार, तोही मोडीत. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार काढला. त्या कामात आयुष्य घातलेला गॉर्डन हॉल त्याच वर्षी नाशिक भागात हिंडताना पटकीने गेला. संपूर्ण मराठी बायबल १८४७ चं. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने सगळं बायबल मराठीत आणलं. ज्यांना समाजाने टाकलं त्या बायकांनी तिथे खिळे जुळवले, छापलं, बांधलं. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या आणि छापलेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. या एका ग्रंथावर वेगळा लेख व्हावा इतका तो मोठा आहे.

पण या मराठी बायबलांत चित्रं शोधाल तर निराश व्हाल. लंडनच्या बायबल सोसायटीचा १८०४ च्या स्थापनेपासूनचा नियम असा, की नुसता मूळ मजकूर छापायचा. टीप नको, भाष्य नको. पंथांची भांडणं टाळायला हा शहाणपणाचा नियम होता. मुंबईची शाखा १८१३ ची. स्वस्त, सुटसुटीत, कोरडी प्रत हे तिचं ध्येय. परिणामी अनेक मराठी ख्रिस्ती घरांत कामाची वाटणी झालेली दिसते. रोजच्या प्रार्थनेला मराठी बायबल, ते वापरून वापरून झिजलेलं. आणि कपाटात इंग्रजी सचित्र बायबल, कुणा साहेबाने परत जाताना दिलेलं, लिलावात घेतलेलं किंवा शाळेत बक्षीस मिळालेलं. ते वाचायचं कमी. रविवारी मुलांना हात धुऊन चित्रं पाहायला मिळायची आणि घरात काही घडलं की त्यात लिहायचं.

लिहायचं का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे पिढ्यांची नोंद ठेवणारे इतर होते. त्र्यंबकेश्वर-नाशिकला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की क्षेत्रोपाध्याय वही काढतात आणि खापरपणजोबांनी केलेली सही समोर ठेवतात. कुटुंबाने स्वतः काही लिहून ठेवायची गरज पडत नसे. पण १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी असोत की १८९५ मध्ये घेतलेले नारायण वामन टिळक, त्या पिढीचं सोयर-सुतक एका दिवसात तुटलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्या तुटण्याचा घरातून दिसणारा चेहरा दाखवला आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. अशा घराचं नाव उपाध्यायांच्या वहीत पुढे चढणार नव्हतं. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तेव्हा बाल्यावस्थेत होती, खेड्यापाड्यांत तर नावालाच. मग वंशाची पहिली ओळ कुठे लिहायची? इंग्रज छापखान्याने आपल्या गिऱ्हाइकांसाठी सोडलेल्या त्या कोऱ्या रेघा इथे एका नव्या घराण्याच्या मूळपुरुषाचं पान झाल्या. इंग्लंडमधल्या घराला ती पानं ही एक शोभिवंत सोय होती. नगरच्या किंवा जालन्याच्या मराठी ख्रिस्ती घराला ती त्यांची एकुलती एक वंशावळ होती. म्हणूनच अशा ग्रंथाची तुलना लंडनच्या लिलावातल्या भावाशी करणं मला अडाणीपणाचं वाटतं.

इथे ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांची गोष्ट मात्र वेगळी निघते. ठाण्यात ख्रिस्ती धर्माचा उल्लेख थेट १३२१ पर्यंत मागे जातो. त्या साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती इथे मारले गेले आणि जॉर्डानस या पाद्र्याने त्यांना मूठमाती दिली. पुढे पोर्तुगीज अंमलात मासुंदा तलावाकाठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभं राहिलं. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली, तरी इथले ख्रिस्ती इथेच राहिले, मराठीच बोलत राहिले. १८८७ पासून ते स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. हा समाज कॅथलिक. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवणं प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक केलं आणि बाप्तिस्म्याची वही त्याच्या जोडीने आली. त्यामुळे घराण्याची नोंद चर्चच्या कपाटात राहिली आणि घरात कौटुंबिक बायबलाची प्रथा रुजली नाही. घरात असे ते पुराण.

फ्रान्सिश्कु वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ख्रिस्ताच्या दुःखभोगाचं पद्य पुराण उत्तर कोकणातल्या मराठीत, रोमन लिपीत रचलं. १६५९ मध्ये ते लिस्बनला छापलं गेलं आणि १८४५ मध्ये मुंबईत पुन्हा निघालं. उपासकाळात वसई-ठाण्याच्या घरांत ते गायलं जाई. त्याहून थोर ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्सचा. विल्टशरमध्ये जन्मलेला हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला आणि जवळपास ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहून गेला. ते १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्यातलं सगळं नाहीसं झालं आणि ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरून घरात ठेवलेल्या नकलांमुळे. १९०७ मध्ये जोसेफ सालदान्हा यांनी मंगळूरला जी आवृत्ती काढली ती हस्तलिखितांवरूनच. १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी ती देवनागरीत आणली तेव्हा मराठी वाचकाला ओव्या पहिल्यांदा आपल्या लिपीत छापील मिळाल्या. घरातल्या ट्रंकेचं महत्त्व कुणाला पटत नसेल, तर त्याला हा दाखला पुरे.

मासुंद्याहून टेंभी नाक्याला आलं की तिसरं घराणं भेटतं. इथलं शाआर हाशामाइम हे सिनेगॉग १८७९ चं, बेने इस्राएल समाजाचं. कोकणच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. पेणकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं, भाषा मराठी. त्यांचा वल्हांडण सण, म्हणजे त्यांच्या जुन्या बोलीतला अनाशी ढाकाचा सण, घरात साजरा होतो आणि त्या रात्री वाचायचं पुस्तक म्हणजे हग्गादा: मिसरच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट. हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर असलेला हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाला. आणि १८७४ मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनिएल तळकर यांनी सचित्र हग्गादा काढला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याची जेवढी वाखाणणी व्हायला हवी तेवढी झालेली नाही. त्यातल्या एका चित्रमालिकेत बिनखमिराची भाकर करण्याच्या पायऱ्या आहेत: पीठ मळणं, लाटणं, भाजणं. आणि ते करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. ॲमस्टरडॅमच्या १६९५ च्या प्रसिद्ध हग्गाद्याची चित्रं स्विस चित्रकार मेरियनच्या बायबलचित्रांवरून बेतलेली, त्यांच्या नकला पुढे युरोपभर फिरल्या; धर्मग्रंथाची चित्रं अशी एकमेकांवरून उतरत जातात. पुण्याच्या चित्रकाराने मात्र आपल्या शेजारणींकडे पाहून त्या बायका काढल्या. एक लहानसं धाडस, पण डोरेच्या दोनशे चित्रांइतकंच मला ते मोलाचं वाटतं. ठाण्यातून इस्राएलला गेलेल्या कित्येक घरांनी सामानात काय नेलं असेल याची कल्पना करता येते.

ग्रंथ घरात असेलच, तर तो वाचावा कसा? मजकूर नव्हे, नोंदी. आधी ग्रंथाचं छपाईचं साल पाहायचं, मग पहिल्या नोंदीचं. ग्रंथ १८६५ चा आणि पहिला जन्म १८३८ चा असेल, तर ती नोंद प्रसंगी झालेली नाही, नंतर आठवून लिहिली आहे. पहिल्या सात-आठ नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत असतील तर हेच. त्या खोट्या नव्हेत, पण स्मरणातल्या तारखा सरकतात. जिथून शाई बदलत जाते, अक्षर कधी घाईचं, कधी थरथरतं होतं, तिथून पुढच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवावा. विवाहाची तारीख आणि थोरल्या अपत्याची तारीख यांच्यात कुणी हलकेच खाडाखोड केलेली असेल, तर हसून पुढे जावं. पणजोबा आता खुलासा द्यायला नाहीत. नावांची स्पेलिंगं बदलत जातात, आडनाव मधेच नवं होतं. उतरवून घेताना चुका सुधारू नयेत, जसं आहे तसं लिहावं.

या नोंदींना कोर्टातही अर्थ आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमात, मृत व्यक्तीने नात्यासंबंधी वाद उपजण्याआधी वंशावळीत, थडग्यावर किंवा कौटुंबिक चित्रावर केलेलं कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरलं होतं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद २६ व्या कलमात आली आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला तर त्याच्या सही-अक्षराबाबत न्यायालय अनुकूल गृहीतकही धरू शकतं. त्यातलं 'योग्य ताबा' महत्त्वाचं: ग्रंथ कुणाकडून कुणाकडे आला हे सांगता आलं पाहिजे. अमेरिकेत तर स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा द्यावा लागे आणि पुष्कळ जणींनी घरच्या बायबलातली नोंदीची पानंच फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अर्जांना जोडलेली सापडतात. सरकारदरबारी पान जपलं गेलं, घरातला ग्रंथ मात्र भगदाड घेऊन राहिला.

पानं फाडण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मात्र धंद्याचा. ग्रंथाला गिऱ्हाईक नाही, पण सुट्या चित्रांना आहे. म्हणून काही व्यापारी जुनं सचित्र बायबल घेऊन शिवण उसवतात आणि डोरेची चित्रं एकेक करून फ्रेममध्ये विकतात. नोंदीची पानं रद्दीत जातात, कारण ती कुणाच्याच भिंतीवर शोभत नाहीत. "चित्रं तेवढी घेतो" असं कुणी म्हणालं, तर ग्रंथ बासनात बांधून परत माळ्यावर ठेवलेला बरा.

अर्थात माळाही त्याची जागा नव्हे. बाळकुमसारख्या खाडीकाठच्या वस्तीत जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटतो आणि पुस्तकाचा शत्रू नंबर एक हाच दमटपणा. पानांवर तपकिरी ठिपके उठतात, बुरशी चढते, मागोमाग कसर येते. शिवाय १८५० नंतरचा बराच कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा; त्यातच आम्ल असतं आणि तो स्वतःलाच खातो. चामड्याची ती तांबूस भुकटीही जुन्या कमावणीतल्या आम्लाचीच करणी. यावर तेल चोपडणं हा घरगुती उपाय चामडं काळं-चिकट करतो आणि पानांना डाग देतो. ग्रंथ बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात, मधल्या फळीवर, आडवा ठेवावा. एवढं वजन उभं ठेवलं की शिवण खाली ओघळते. धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळावा. प्लॅस्टिकची हवाबंद पिशवी नको, आत ओल कोंडते. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कपाटात, पानांत नव्हे. सेलोटेप कधीच लावू नये. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि खालची अक्षरं सोबत घेऊन निघतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. पानांत दडलेली फुलं, वर्तमानपत्राची कात्रणं, ताडाच्या पानाचा क्रूस यांचा फोटो काढून, कोणत्या पानात होतं ते लिहून, त्या वस्तू वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात. कात्रणाची सावली समोरच्या पानावर कायमची उमटलेली दिसेल, ती याच आम्लाची. बुरशी किंवा वाळवी लागलीच तर घरी प्रयोग नकोत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे तज्ज्ञांना विचारावं.

फोटो काढणं हे सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम. ग्रंथ जबरदस्तीने सपाट उघडू नये. दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी घातलेले टॉवेल द्यावेत. फिकट शाई खिडकीच्या तिरक्या उजेडात समोरच्या दिव्यापेक्षा चांगली उठते. नोंदीच्या पानांबरोबर शीर्षकपानाचाही फोटो हवा, नाहीतर पुढच्या पिढीला ती पानं कुठली हेच कळणार नाही. नव्या नोंदी मूळ पानावर बॉलपेनने करू नयेत. आम्लविरहित कागदाचं वेगळं पान घ्यावं, पेन्सिलीने लिहावं आणि ग्रंथाशेजारी ठेवावं. शेजारच्या घरात हेच केलं गेलं. नगरला राहणाऱ्या आत्याबाईंना फोन करून ज्या तीन तारखा वाचता येत नव्हत्या त्यांतल्या दोन लागल्या. तिसरी कुणालाच ठाऊक नाही.

वाटणीचा प्रश्न राहतो. घर विकून पैसे वाटता येतात, दागिने तोळ्यांत मोडता येतात, हा ग्रंथ मोडता येत नाही. तीन भावंडांत तीन वेळा मी "तूच ठेव, आमच्याकडे जागा नाही" हे ऐकलं आहे आणि चौथ्या वेळी त्याच ग्रंथावरून अबोला धरलेलाही पाहिला आहे. कुणाकडे जाणार हे मृत्युपत्रात एका ओळीत लिहून टाकावं. छायाप्रती सगळ्यांना द्याव्यात, पुण्यातल्यांना, पर्थमधल्यांना, जे विचारत नाहीत त्यांनाही. मूळ ग्रंथ त्याच्याकडे असावा ज्याच्या घरी पावसाळ्यात कोरडं कपाट आहे.